ठेवलेला चेंडू वाकडा का जातो?

टीव्हीवर पहिल्यांदा गोल्फ पाहणारा क्रिकेटवेडा माणूस हमखास विचारतो, ‘‘चेंडू जागेवर ठेवलाय, समोरून कोणी टाकत नाहीये, खेळपट्टी नाही, घाई नाही. मग हे लोक तो झाडीत कसा काय घालतात?’’ प्रश्न रास्त आहे. आणखी थोडा वेळ सामना पाहिला की त्याला दुसरा प्रश्न पडतो: झाडामागे अडकलेला खेळाडू चेंडूला झाडाभोवती वळसा घालायला लावून तो थेट ग्रीनवर, म्हणजे झेंडा रोवलेल्या हिरवळीवर, कसा नेतो? एकाचा चेंडू नको असताना वळतो, दुसऱ्याचा हवा तसा वळतो. दोन्ही चेंडूंना नियम मात्र एकच लागू होतात. ते समजायला फारसं गणित लागत नाही. डोक्यात घट्ट बसलेल्या एकदोन समजुती तेवढ्या बाहेर काढाव्या लागतात.

आधी चार शब्द. या प्रकरणात सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्याबद्दल आहे. डावखुऱ्यांनी उजवं-डावं उलटं करून वाचावं. हवेत चेंडू डावीकडून उजवीकडे बेताने वळला तर तो फेड, बेफाम वळला तर स्लाइस. उजवीकडून डावीकडे बेताने वळला तर ड्रॉ, बेफाम वळला तर हुक. नवशिक्यांचा नेहमीचा आजार स्लाइस. फेड आणि स्लाइस यांची जात एकच, फरक फक्त मात्रेचा.

१. भेट अर्ध्या मिलिसेकंदाची

क्लब, म्हणजे गोल्फची काठी, आणि चेंडू एकमेकांना भिडलेले असतात तो काळ सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागाएवढा. तेवढ्यात चेंडूचं पुढचं सगळं भवितव्य ठरतं. त्याला चारच गोष्टी कळतात: क्लब किती वेगात आला, त्याच्या फेसवर आपण नेमके कुठे लागलो, त्या क्षणी फेस कोणत्या दिशेला पाहत होता, आणि क्लब स्वतः कोणत्या दिशेने चालला होता. फेस म्हणजे क्लबच्या डोक्याचा चेंडूला भिडणारा पृष्ठभाग.

यापलीकडे चेंडूला काही कळत नाही. तुमचा फॉलो-थ्रू मासिकाच्या मुखपृष्ठावर शोभेल असा होता की धडपडल्यासारखा, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. चेंडू सुटल्यावर कमरेतून वाकून, हात हलवून ‘इकडे ये, इकडे ये’ म्हणणारे सभ्य गृहस्थ प्रत्येक क्लबात असतात. त्यांना बरं वाटत असेल, पण चेंडू तोवर त्यांच्या अखत्यारीबाहेर गेलेला असतो. ‘चेंडू लागताना मनगट फिरवून मी तो वळवला’ हेही तसंच. अर्ध्या मिलिसेकंदात मेंदूचा निरोप मनगटापर्यंत पोचतच नाही. जे काही करायचं ते क्लब चेंडूपाशी येण्याच्या आत झालेलं असावं लागतं.

२. फिरकी हवेत काय करते

गोल्फच्या क्लबचा फेस थोडा मागे कललेला असतो. या कलाला लॉफ्ट म्हणतात. लांब मारायच्या ड्रायव्हरचा लॉफ्ट दहा अंशांच्या आसपास, जवळच्या फटक्यांच्या सँड वेजचा पंचावन्नच्या आसपास. या कलामुळे चेंडू वर उडतो आणि उडतानाच मागच्या मागे फिरू लागतो. ही बॅकस्पिन. व्यावसायिक खेळाडूच्या ड्रायव्हरवरून सुटलेला चेंडू मिनिटाला अडीच-पावणेतीन हजार फेऱ्या घेत असतो, मधल्या अंतराच्या सात नंबरच्या आयर्नवरून सुटलेला सुमारे सात हजार.

फिरणारा चेंडू आपल्या भोवतीची हवा एका बाजूला ढकलतो आणि स्वतः विरुद्ध बाजूला सरकतो. बॅकस्पिन असेल तर हवा खाली ढकलली जाते आणि चेंडू वर उचलला जातो. रॅकेटने मारलेला चेंडू वळतो, हे न्यूटनने १६७२ मध्येच लिहून ठेवलं होतं. पुढे १८५२ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ गुस्ताव मॅग्नुस यांनी फिरणाऱ्या नळकांड्यांवर प्रयोग केले आणि या परिणामाला त्यांचं नाव चिकटलं. लेगस्पिनरचा चेंडू टप्पा पडण्याआधीच हवेत सरकतो तो याच कारणाने. वेगवान गोलंदाजाचा स्विंग मात्र शिवणीची करामत; गोल्फच्या चेंडूला शिवण नसते.

गोल्फच्या बाबतीत याचा खरा पाठपुरावा केला तो एडिंबरा विद्यापीठातले प्राध्यापक पीटर गथ्री टेट यांनी. १८९० च्या दशकात त्यांनी सप्रमाण मांडलं की चांगला मारलेला चेंडू इतका वेळ हवेत तरंगतो तो बॅकस्पिनच्या जिवावर. प्राध्यापकांना घरातच उत्तम नमुना मिळाला होता. त्यांचा मुलगा फ्रेडी टेट हा ब्रिटिश ॲमॅच्युअर स्पर्धा १८९६ आणि १८९८ अशी दोनदा जिंकलेला खेळाडू. पुढे १९०० मध्ये तो दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात मारला गेला.

चेंडूवरचे खळगेही याच कथेत येतात. एकोणिसाव्या शतकातले गटापर्चाचे चेंडू नवे, गुळगुळीत असताना नीट उडत नसत. मार खाऊन ओरखडे पडले की सुधारत. खेळाडूंच्या हे लक्षात आलं, मग कारागीर नव्या चेंडूवर हातोडीने मुद्दाम खुणा पाडू लागले. आजच्या चेंडूवर तीनशे ते चारशेच्या आसपास खळगे असतात. ते हवेचा अडसर कमी करतात आणि फिरकीची पकडही वाढवतात. म्हणजे जे खळगे चेंडू लांब नेतात, तेच तो वळायलाही मदत करतात.

आता मुख्य मुद्दा. ‘चेंडूला साइडस्पिन लागली म्हणून तो वळला’ असं सर्रास म्हणतात. त्यामुळे चेंडूत दोन फिरक्या असतात, एक मागे नेणारी आणि एक बाजूला नेणारी, असं चित्र मनात तयार होतं. पण एक चेंडू एका वेळी एकाच आसाभोवती फिरू शकतो. आस आडवा, जमिनीला समांतर असेल तर सगळी उचल वरच्या दिशेने, आणि चेंडू सरळ. आस एका बाजूला कलला तर उचलही तिकडे कलते आणि चेंडू तिकडे वळतो. चालती सायकल ज्या अंगाला कलते त्या अंगाला वळते, तसंच हे. उजवीकडे कल म्हणजे फेड किंवा स्लाइस, डावीकडे कल म्हणजे ड्रॉ किंवा हुक. जितका कल जास्त, तितकं वळण जास्त.

राहिला प्रश्न एकच: आस कलतो कशाने?

३. दोन दिशा आणि त्यांमधली फट

मघाच्या चार गोष्टींपैकी दोन इथे कामाच्या: फेस कुठे पाहतोय, आणि क्लब कुठे चाललाय. क्लबच्या चालण्याच्या दिशेला आपण ‘वाट’ म्हणू. फेस आणि वाट एकाच दिशेला असतील तर आस कलत नाही. त्यांच्यात फट पडली की आस कलतो, आणि तो नेहमी वाटेकडून फेसच्या बाजूला कलतो. फेस वाटेच्या उजवीकडे पाहत असेल तर चेंडू उजवीकडे वळणार, डावीकडे पाहत असेल तर डावीकडे.

आणि चेंडू सुटतो कोणत्या दिशेला? इथे कित्येक दशकं उलटं शिकवलं गेलं. चेंडू वाटेच्या दिशेने सुटतो आणि मग फेसच्या दिशेला वळतो, असं प्रशिक्षक सांगत. प्रत्यक्षात चेंडू बहुतांशी फेसच्या दिशेने सुटतो. ड्रायव्हरच्या बाबतीत फेसचा वाटा ढोबळमानाने ८५ टक्के, आयर्नच्या बाबतीत ७५ टक्क्यांच्या आसपास. उरलेला वाटेचा.

हे कोणाला माहीतच नव्हतं असं नाही. ॲलिस्टेअर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्ज यांचं गोल्फच्या शास्त्रावरचं पुस्तक १९६८ चं. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ थिओडोर जॉर्गेनसेन यांचं १९९४ चं. पण प्रशिक्षक भौतिकशास्त्राची पुस्तकं कशाला वाचतील? डेन्मार्कच्या ट्रॅकमॅनसारखी रडार यंत्रं २००० नंतर रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानांवर, आली, प्रत्येक फटक्याचे अंश पडद्यावर दिसू लागले, तेव्हा कुठे जुनी शिकवण मोडीत निघाली. अजून पुरती निघालेली नाही.

जुन्या नियमाने काय घोटाळा होतो ते पाहा. चेंडू आणि झेंडा यांच्या थेट रेषेत, चेंडूपासून तीस यार्डांवर, आंब्याचं झाड आहे. झाडाच्या उजवीकडून ड्रॉ काढायचा आहे. जुना सल्ला असा: फेस झेंड्याकडे ठेवा, पाय झाडाच्या उजवीकडे रोखा आणि पायांच्या दिशेने स्विंग करा. वळण मिळेल, शंकाच नाही. पण फेस झेंड्याकडे म्हणजे झाडाकडेच पाहतोय, आणि चेंडू मुख्यतः फेसच्या दिशेने सुटतो. तो वळायच्या आतच खोडावर आदळतो. बरोबर मांडणी अशी की फेससुद्धा झाडाच्या उजवीकडे हवा, समजा ६ अंश. आणि वाट त्याहून उजवीकडे, समजा १२-१३ अंश. चेंडू झाडाला चार यार्ड बाजूला टाकून निघेल. फेस वाटेच्या डावीकडे असल्यामुळे तो डावीकडे वळत झेंड्याकडे परतेल.

यातली गंमत अशी की हा फेस झेंड्याच्या हिशेबाने चक्क ‘उघडा’, म्हणजे उजवीकडे वळलेला, आहे, तरी चेंडू डावीकडे वळतो. वळण ठरवताना झेंडा कुठे आहे याला काही किंमत नाही. हिशेब फेस आणि वाट यांच्यातला.

४. स्लाइसचा सापळा

नवशिक्याचा ड्रायव्हर घेऊ. त्याचा क्लब बाहेरून आत येतो: वाट लक्ष्याच्या ४ अंश डावीकडे. फेस लक्ष्याच्या २ अंश उजवीकडे. फट ६ अंशांची. चेंडू लक्ष्याच्या अंशभर उजवीकडून सुटेल. दोनशे यार्डांवर एक अंश म्हणजे साडेतीन यार्ड, म्हणजे सुरुवात जवळजवळ निर्दोष. पण ड्रायव्हरवर ६ अंशांच्या फटीने आस वीसपेक्षा जास्त अंश कलतो. आसाच्या दर अंशाला अंतराच्या सुमारे ०.७ टक्के वळण, हा कामचलाऊ हिशेब धरला तर दोनशे यार्डांत तीसेक यार्डांचं वळण होतं. चेंडू उजवीकडच्या झाडीत.

आता हा शहाणा माणूस काय करतो? पुढच्या टीवर डावीकडे तोंड करून उभा राहतो. चेंडू उजवीकडे जातोय ना, मग डावीकडे नेम धरू. खांदे डावीकडे वळले, वाट आणखी डावीकडे गेली, समजा ८ अंश. झेंडा कुठे आहे ते मात्र हातांना ठाऊक असतं, त्यामुळे फेस त्यांच्या नकळत झेंड्याकडेच राहतो, म्हणजे शून्य अंशावर. फट ६ ची ८ झाली. चेंडू किंचित डावीकडून सुटला, पण आता वळण चाळीस यार्डांवर गेलं. इतकी उरस्फोड करून चेंडू त्याच झाडीत, त्याच जागी. ‘आज ग्रहच फिरलेत’ असं म्हणून गडी आणखी डावीकडे वळतो.

नवशिक्याची अंतःप्रेरणा त्याच्याविरुद्ध काम करते, असा खेळ मला तरी दुसरा माहीत नाही. चेंडू उजवीकडे वळत असेल तर उपाय क्लब अधिक उजवीकडे चालवण्यात, आणि फेस त्या वाटेच्या थोडा डावीकडे मिटवण्यात आहे. हे ऐकल्यावर स्लाइसवाला तुमच्याकडे संशयाने बघतो.

५. ड्रायव्हर छळतो, वेज सोसतं

एकच स्विंग, तीच ६ अंशांची फट, पण ड्रायव्हरचा चेंडू झाडीत आणि पिचिंग वेजचा जवळपास सरळ. बऱ्याच जणांना वाटतं, ‘माझं वेज चांगलं आहे, ड्रायव्हरच खराब आहे,’ आणि दुकानदाराचं भलं होतं. कारण लॉफ्टमध्ये आहे. लॉफ्ट जास्त तर बॅकस्पिनचा जोर जास्त, आणि तेवढीच फट आसाला कमी कलवते. ड्रायव्हरवर जो आस वीस-बावीस अंश कलला, तो वेजवर आठ-नऊ अंश कलेल. त्यात वेजचा चेंडू शंभर यार्डच जातो. तीस यार्डांच्या जागी सहा.

मग वेजने मोठं वळण काढताच येत नाही? येतं. २०१२ च्या मास्टर्स स्पर्धेत बबा वॉटसन आणि लुई ऊस्टहाउझन यांची बरोबरी झाली. प्लेऑफच्या दुसऱ्या होलवर वॉटसनचा चेंडू उजवीकडच्या पाइनच्या झाडीत, वाळक्या काड्यांवर जाऊन पडला. ग्रीन दीडशे यार्डांच्या आसपास आणि समोर सरळ वाट नाही. वॉटसन डावखुरा. त्याने गॅप वेजने चेंडू झाडांच्या फटीतून डावीकडे काढला आणि तो चाळीसेक यार्ड उजवीकडे वळत ग्रीनवर येऊन थांबला. स्पर्धा त्याने जिंकली. फेस वाटेच्या मानाने खूप मिटवला की लॉफ्टही उतरतो आणि वेजसुद्धा कमी लॉफ्टच्या क्लबासारखं वागू लागतं. त्याने फट वाढवली आणि लॉफ्ट घटवला, दोन्ही एकाच हालचालीत.

यातूनच आणखी एक गोष्ट उलगडते. फेस मिटवला की लॉफ्ट उतरतो, म्हणून ड्रॉ खालून जातो आणि पडल्यावर पळतो. फेस उघडला की लॉफ्ट वाढतो, म्हणून फेड उंच जातो आणि पडल्यावर लवकर थांबतो.

६. फेसवर कुठे लागला?

वरचा सगळा हिशेब चेंडू फेसच्या मध्यावर लागला असं धरून आहे. ड्रायव्हरच्या टोकाकडे लागला तर क्लबचं डोकं धक्क्याने उघडतं आणि चेंडूला उलटी फिरकी मिळते, म्हणून तो डावीकडे वळतो. टाचेकडे, म्हणजे दांड्याच्या बाजूला लागला तर उजवीकडे. ड्रायव्हरचा फेस किंचित फुगीर ठेवतात तो हा परिणाम सांभाळून घ्यायला. आयर्नमध्ये हा प्रकार नगण्य असतो.

म्हणून निदान करताना पहिली तपासणी याचीच. ड्रायव्हरच्या फेसवर टाल्कम पावडरचा पातळ थर द्या आणि एक चेंडू मारा. पावडरीत चेंडूचा गोल ठसा उमटतो, नीट पाहिलं तर खळग्यांची नक्षीसुद्धा दिसते. ठसे सतत टाचेकडे पडत असतील तर वाटेचं आणि फेसचं तत्त्वज्ञान बाजूला ठेवा आणि चेंडूपासून उभं राहायचं अंतर आधी तपासा. पाच रुपयांची पावडर जे सांगते ते सांगायला प्रशिक्षकाचा तास घालवू नये.

७. रेंजवर काय करायचं

सात नंबरचा आयर्न घ्या आणि अर्धाच स्विंग करा. चेंडूच्या पुढे तीन-चार यार्डांवर, लक्ष्याच्या रेषेत एक काठी रोवा. मारलेला प्रत्येक चेंडू आता दोन गोष्टी सांगेल. काठीच्या कोणत्या बाजूने सुटला यावरून फेस कळतो. पुढे कोणीकडे वळला यावरून फट कळते. काठीच्या डावीकडून सुटून उजवीकडे वळला? फेस लक्ष्याच्या डावीकडे होता, आणि वाट त्याहूनही डावीकडे. एवढं वाचता आलं की महागड्या यंत्राचं निम्मं काम तुमचे डोळे करतात.

फेस बदलायचा तो पकडीतून. डावा हात दांड्यावर ठेवून खाली पाहा. बोटांची मुळं, म्हणजे उंचवटे, दोन ते तीन दिसत असतील तर पकड मध्यम. एकच दिसत असेल तर चेंडूपाशी येताना फेस उघडा राहण्याकडे कल. हात उजवीकडे फिरवून तीन दिसू द्या, फेस आपसूक मिटायला लागेल. वाट बदलायची ती उभं राहण्यातून आणि चेंडूच्या जागेवरून. चेंडू उजव्या पायाकडे सरकवला तर क्लब त्याला लवकर गाठतो आणि तेव्हा तो अजून बाहेरच्या, म्हणजे उजव्या दिशेला चाललेला असतो. डाव्या पायाकडे सरकवला तर उलट.

स्लाइसवाल्याने सुरुवातीला सरळ मारायचा प्रयत्नच करू नये. त्याने हुक मारायला शिकावं, तोही बेशरम, काठीच्या उजवीकडून निघून पार डावीकडे जाणारा. दोन्ही टोकं अंगात भिनली की मधली जागा सापडते. पकड बदलल्यावर पहिले काही दिवस हात परके वाटतात आणि चेंडू कुठेही जातात. तेवढा काळ स्पर्धा आणि पैजा टाळाव्यात.

८. सरळ चेंडूचा मोह

न वळणारा चेंडू बनवून झालेला आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत पोलारा नावाचा चेंडू आला. त्यावरचे खळगे सगळीकडे सारखे नव्हते, म्हणून तो ठरावीक दिशेने ठेवून मारला की कमी वळत असे. अमेरिकी गोल्फ संघटनेने १९८१ मध्ये चेंडू सर्व बाजूंनी सारखाच उडला पाहिजे असा नियम केला आणि पोलारा स्पर्धांबाहेर गेला.

मला विचाराल तर त्यात फार काही हरवलं नाही. फेस आणि वाट अगदी शून्य फटीवर दर वेळी आणणं माणसाच्या आवाक्यातलं नाही, आणि सरळ मारायला जाणाऱ्याचा चेंडू दोन्हीकडे चुकतो. बेन होगन यांचं उदाहरण घ्या. कारकिर्दीच्या पहिल्या टप्प्यात हुकने त्यांना हैराण केलं होतं. त्यांनी हुक बरा करून सरळ चेंडूचा ध्यास घेतला नाही. डाव्या हाताची पकड डावीकडे फिरवली, मनगटाची ठेवण बदलली आणि फेड आपलासा केला. १९४८ ते १९५३ या काळात त्यांनी चार वेळा यूएस ओपन जिंकली, त्यातली १९५० ची स्पर्धा तर बसच्या धडकेत हाडं मोडल्यानंतर दीडेक वर्षात. आपलं ‘गुपित’ म्हणून हा बदल त्यांनी १९५५ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकातून जाहीर केला. जॅक निकलस यांचाही भरवशाचा फटका फेडच. उलट दक्षिण आफ्रिकेचे बॉबी लॉक आयुष्यभर उजवीकडून डावीकडे खेळले आणि चार वेळा ब्रिटिश ओपन जिंकले. कोणतं वळण, हा प्रश्न दुय्यम.

हिशेब करून पाहा. फेअरवे, म्हणजे मधला छाटलेल्या गवताचा पट्टा, तीस यार्ड रुंद आहे. तुमचा चेंडू कधी वीस यार्ड डावीकडे, कधी वीस यार्ड उजवीकडे वळतो. मधोमध नेम धरला तर दोन्ही बाजूंना पाच-पाच यार्ड बाहेर. आता समजा तो नेहमी उजवीकडेच वळतो, कधी शून्य, कधी वीस यार्ड. डाव्या कडेवर नेम धरा. अजिबात वळला नाही तर डावी कड, मध्यम वळला तर जवळजवळ मध्य, पूर्ण वळला तरी मध्याच्या पाच यार्ड उजवीकडे. प्रत्येक चेंडू फेअरवेवर. स्विंगमध्ये सुधारणा काहीच झालेली नाही, फक्त एक बाजू नाहीशी झाली.

वाऱ्यातही हेच उपयोगी पडतं. कुलाब्याच्या युनायटेड सर्व्हिसेस क्लबासारख्या समुद्राला खेटलेल्या मैदानावर वारा उजवीकडून येत असेल तर फेड त्याला टेकून सरळ राहतो आणि ड्रॉ वाऱ्याबरोबर वाहून जातो. दोन्ही वळणं येत असतील तर वाऱ्याशी भांडता येतं. पण ती पुढची इयत्ता. आधी एक वळण असं पक्कं करा की कॅडीने न विचारता चेंडू कोणत्या बाजूला शोधायचा ते सांगावं. ते जमेपर्यंत नवा ड्रायव्हर विकत घेऊ नका.